परिचयाची ओळ

"नाही हो, मानधन नाही देता येणार." पहिला कान तापला होता म्हणून ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण नाव ठळक छापू, तुमचा फोटो छापू. खाली परिचय असतो. लोक वाचतात, ओळखायला लागतात, त्यातून कामं येतात."

हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते आता नादुरुस्त नळाच्या थेंबासारखं आपोआप गळायचं. पलीकडचा माणूस लग्नांचे फोटो काढायचा. तो हसला. त्यापेक्षा रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"ताई, तुमचा आवाज गोड म्हणून ऐकून घेतलं. गेल्या वर्षी दिला की लिहून! आणि खाली काय छापलंत? 'लेखक हौशी छायाचित्रकार आहेत.' सासऱ्यांनी वाचलं माझ्या. म्हणाले, जावईबापू, म्हणजे इतकी वर्षं तुमची हौसच चालली होती होय?"

"तो आमचा नियम आहे. जे मानधन घेत नाहीत त्यांच्या..."

"घेत नाहीत की तुम्ही देत नाही, ते एकदा ठरवा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ताईनं यादीतल्या त्याच्या नावावर काट मारली. वर काट, खाली काट. फुलांचे फोटो काढणारा नाही म्हणाला होता, पक्ष्यांचे काढणारा जंगलात होता, दागिन्यांचे काढणारीनं नुसतंच "अय्या, अजून चालू आहे का तुमचं मासिक?" असं विचारलं होतं. 'तंत्र-मंत्र' या छायाचित्रणाच्या सदराची चार पानं कोरी होती आणि अंक शुक्रवारी छापायला जायचा होता. समोरच्या टेबलावर मांडणी करणारा चौकट बसला होता. मजकूर म्हणजे चौकटीत भरायचा ऐवज, एवढंच तो मानायचा, म्हणून त्याचं नाव चौकट पडलं होतं. त्याच्या पडद्यावर ती चार पानं पांढरीफेक उघडी होती, धुऊन वाळत घातलेल्या चादरींसारखी.

"ताई, यात काहीतरी टाका. नाहीतर मी माझी कुंडली टाकतो."

"टाक. निदान कुणीतरी वाचेल."

"वाचायचं काम तुमचं. मी अक्षरं बघतो, अर्थाशी आपलं काही देणंघेणं नाही."

संपादकसाहेब दारात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. मालकांचा फोन येऊन गेला की त्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूनं वर उभी राहायची. बोलताना ते तिथं सारखा हात न्यायचे. आज कॉलर उभी होती.

"ताई, तुमचे बंधू फोटोग्राफर आहेत ना?"

तिनं पेन खाली ठेवलं. हा प्रश्न कधीतरी येणार, हे तिला माहीत होतं. बाकी साऱ्या जगाला तिनं नाव देते, उजेडात आणते म्हणून फुकट लिहायला लावलं होतं. एक दादा तेवढा पदराआड राखला होता.

"त्याचा लहानसा स्टुडिओ आहे साहेब. ओळखपत्राचे फोटो काढतो."

"चालेल. लिहून घ्या. पानं कोरी गेली, तर मालक आधी सदर बंद करतील, मग सदर बघणारीला. मी आपलं कानावर घातलं."

'हौशी' या शब्दाचीही एक गोष्ट होती. पूर्वी कधीतरी एका नाणावलेल्या छायाचित्रकारानं लेख दिला, छापून आल्यावर मोबदला मागितला आणि वकिलाची नोटीस धाडली. तेव्हापासून मालकांनी फर्मान काढलं: जो फुकट लिहील तो हौशी. परिचयात तसं छापायचं, म्हणजे हौशी माणसाला मोबदला मागायचं तोंड राहत नाही. आजवर हा शब्द कितीतरी नावांखाली बसला होता आणि तो प्रत्येक वेळी ताईच्याच हातानं तपासून गेला होता.

*

ती स्टुडिओत शिरली तेव्हा दादा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो काढत होता. गृहस्थांचा चेहरा कुलूप लावल्यासारखा बंद. दादा कॅमेऱ्याच्या मागे उभा राहतच नसे. कॅमेरा तिवईवर, लांब वायरीचं बटण मुठीत आणि हा आपला बाजूला, खिडकीपाशी. गप्पा मारायला आलेला शेजारी उभा राहावा तसा. कॅमेऱ्याचा आवाजही त्यानं बंद करून टाकला होता.

"घरी कोण कोण?" त्यानं विचारलं.

"बायको होती. आता मुलगा, सून."

कुलूप तसंच.

"आणि?"

"आणि काय? दोन नातवंडं. ती लांब असतात." कुलूप जरा सैल झालं. "एक मांजर आहे. म्हणजे आमचं नाही ते. येतं आपलं."

"झाला फोटो," दादा म्हणाला.

"झाला? अहो, मी तयार कुठं होतो?"

"म्हणूनच झाला."

काउंटरमागे वहिनी फोटोंच्या कडा कापत होती. गृहस्थ बाहेर पडले, तशी ती मान वर न करता म्हणाली, "या वन्सं. एवढ्या भरदुपारी? कुणाचं काय अडलं?"

वहिनीला कसं कळायचं, कोण जाणे. कापण्याच्या यंत्राचं पातं खाली येत होतं, खच्, खच्. तिनं सांगून टाकलं. सदर, कोरी पानं, शुक्रवार. मानधनाचं वाक्यही सांगितलं. पण ते नेहमीसारखं गळलं नाही, शब्द शब्द जोडून म्हणावं लागलं.

"म्हणजे फुकट," वहिनी म्हणाली.

"अगं, नाव छापतात."

"नाव आमच्या पाटीवर आहेच की, केवढं तरी. रंग उडालाय तेवढा. रंगवून देतंय का तुमचं मासिक?"

"गप ग," दादा म्हणाला. तो स्टुलावर बसला होता, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, आणि त्याच्या चेहऱ्याकडे ताईला बघवेना. मघाचं म्हाताऱ्याचं मांजर जणू आता इथं येऊन बसलं होतं. "चिमणे, खरंच माझं छापतील? मला तर वाटायचं, तुझ्या मासिकात मोठमोठे लिहितात."

"छापतील दादा."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण."

"आणि ते खाली असतं ना बारीक अक्षरात, लेखक अमुक आहेत, तमुक आहेत? ते पण?"

"ते पण असतं."

"काय लिहितात त्यात?"

पातं थांबलं. वहिनीनं आता मान वर केली होती.

"थोडक्यात असतं," ताई म्हणाली. "जागा कमी असते."

"थोडक्यातच बरं. त्याचं काय आहे," दादानं आवाज खाली आणला, जणू भिंतींना कळलं तर नजर लागेल, "कोपऱ्यावरची शाळा आहे ना, ती सगळ्या मुलांचे फोटो काढायचं काम देणार आहे. दर वर्षीचं काम. मोठ्या बाई म्हणाल्या, तुमचं काही छापून आलंय का कुठं? असेल तर आणून दाखवा, आम्हाला वर समितीला दाखवावं लागतं. मी काय दाखवणार, ही रंग उडालेली पाटी? आता अंकच नेतो."

तो उठला आणि पेन शोधायला लागला. शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन सगळीकडे शोधत राहिला. अखेर वहिनीनंच ते खिशातून काढून त्याच्या हातात दिलं.

"घ्या. लिहा. व्हा प्रसिद्ध."

आणि ताईला सोडायला दारापर्यंत येऊन, दार ओढून घेत हळूच म्हणाली, "वन्सं, माणूस भोळा आहे हो. तुम्ही नाही आहात, म्हणून सांगते."

*

लेख आला. दादाचं अक्षर बसकं, गोल, रांगेत बसवलेल्या पोरांसारखं. ताईनं तो स्वतःच टंकित केला.

'माणसाला "हसा" म्हणू नये,' दादानं लिहिलं होतं. 'हसा म्हटलं की माणूस आपला चेहरा शोधू लागतो, आणि शोधायला गेलं की चेहरा सापडत नाही. खिडकी त्याच्या डाव्या हाताला असू द्यावी. पडदा पातळ असावा, पण उजेड अंगावर येणारा नसावा, अंगावरून हात फिरवणारा असावा. आपण कॅमेऱ्यामागे लपू नये. बाजूला उभं राहून विचारावं, घरी कोण कोण? माणूस नावं घेऊ लागतो. घेता घेता एका नावाशी तो फोटो विसरतो. तिथं बटण दाबावं. कुठल्या नावाला दाबलं, ते गिऱ्हाइकाला कधीही सांगू नये. काही वेळा ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. काही वेळा शेजारी बसलेल्याला ते कळून उपयोग नसतो.'

संपादकसाहेबांनी उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि मध्येच खुर्ची ओढून बसले. वाचून झाल्यावर त्यांनी पहिलं पान पुन्हा वर घेतलं. कॉलर आपोआप खाली बसली होती.

"छान आहे हो," ते म्हणाले. "यांना आधी का नाही विचारलंत?"

ताईनं घाईघाईनं संधी साधली. "साहेब, परिचयात ते हौशी..."

"ताई."

"त्याचं पोट आहे त्यावर. शाळेचं काम मिळायचंय. तिथं तो अंक दाखवणार आहे. हौशी छापलं तर बाई म्हणतील, अहो, तुम्ही तर..."

"माझ्या हातात असतं तर मी त्यांना छायाचित्रसम्राट छापलं असतं." साहेबांचा हात पुन्हा कॉलरकडे गेला. "एकाला सोडलं की सगळे विचारतात. एवढासा शब्द आहे. परिचय वाचतं कोण?"

"तो वाचेल."

साहेबांनी लेखाची पानं तिच्याकडे सरकवली. नंतर म्हणाले, "तेवढं सोडून बाकी तुम्हाला हवं तसं करा."

शुक्रवारी दुपारी छापलेली तपासणीची पानं ताईच्या टेबलावर आली. तिनं पेन्सिल घेतली. ऱ्हस्व-दीर्घ बघितले, टिंबं बघितली, दादाच्या नावावरून बोट फिरवलं. आणि मग ती त्या ओळीपाशी आली.

लेखक हौशी छायाचित्रकार आहेत.

लहानपणी दादा तिला अंधारखोलीत घेऊन बसायचा. लाल दिव्यात, औषधाच्या पाण्याच्या ताटलीत कोरा कागद बुडालेला असायचा. "बघ हां चिमणे, आता माणूस येईल," दादा म्हणायचा. आणि खरंच यायचा. आधी भुवया, मग डोळे, मग सगळा माणूस पाण्यातून वर. दार उघडू नकोस, उजेड शिरला तर सगळं काळं होईल, एवढीच त्याची ताकीद असायची. एकदा तिला भीती वाटली आणि तिनं दार उघडलं होतं. दादा ओरडला नाही. काळा पडलेला कागद त्यानं मुकाट्यानं बादलीत टाकला आणि त्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी "माझीच चूक झाली" म्हणून परत बोलावलं.

तिनं 'हौशी'वर रेघ मारली. म्हणजे मारायला गेली. पेन्सिल इतकी हलकी टेकवली की रेघ उमटली न उमटली. मग वाटलं, चौकट विचारेल, का काढायचा? साहेबांना विचारायला उठेल. म्हणून तिनं त्याला समजावं या बेतानं समासात बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला: नाहीत. ते हौशी नाहीत, म्हणून काढ, एवढंच तिला म्हणायचं होतं. त्याला 'नाहीत' म्हणताना तिला क्षणभर हसू आलं. दादाला कधी कुणी आदरार्थी बोललंच नव्हतं.

मग तिला वाटलं, पुसून टाकावं. आईची औषधं डोळ्यांपुढे आली, घराचं भाडं आलं. या वयात आपल्याला कोण दारात उभं करणार, हे आलं. खोडरबर हातात घेतलं. तेवढ्यात चौकट आला आणि पानं उचलून घेऊन गेला.

"झालं ना?"

"थांब रे, जरा..."

"गाडी खाली उभी आहे ताई."

ती खोडरबर हातात घेऊन तशीच बसून राहिली. सांगावं, परत आणावीत पानं, असं तिला अनेकदा वाटलं. दर वेळी ती खुर्ची मागे सरकवायची आणि परत पुढे घ्यायची. चौकट पडद्याकडे बघून दुरुस्त्या करत होता. एकदा त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि परत पडद्याकडे वळला.

*

अंकाचे गठ्ठे आले तेव्हा तिनं दोरी सोडायचीही वाट बघितली नाही. मधूनच एक अंक ओढून काढला.

'लेखक हौशी नाहीत, छायाचित्रकार आहेत.'

तिनं पुन्हा वाचलं. तिची रेघ पुसट निघाली होती. समासातला शब्द चौकटनं आत घ्यायचा म्हणून आत घेतला होता. असं होतं कधी कधी. तपासणाऱ्याची टीप मजकुरात शिरते आणि अंकाचं हसं होतं. पण ही ओळ हसण्यासारखी दिसत नव्हती. दारात कुणीतरी छाती काढून उभं असावं, तशी ती पानाच्या तळाशी उभी होती.

"हे काय केलंस रे?"

"तुम्ही लिहिलं होतं ते घातलं," चौकट म्हणाला. "मी अक्षरं बघतो."

"आणि हा स्वल्पविराम? हा मी नव्हता दिला."

चौकटनं माऊस उगाचच टेबलावर इकडे तिकडे फिरवला. "तिथं जागा उरत होती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून फोन वाजायला लागले. लग्नवाला पहिला. "ताई, हे हौशी नाहीत म्हणता, मग आम्ही कोण? आम्हालाही छापा की तसं!" फुलंवाल्याचा आला. दागिनेवालीचा आला. सगळ्यांनी परिचय वाचला होता. कुणीच वाचत नाही म्हणत, ती ओळ जो तो वाचत होता. शेवटी आतल्या खोलीतला फोन वाजला. तो मालकांचा, हे ताईला आवाजावरूनच समजलं, कारण साहेबांच्या खुर्चीचा पाय करकरला. ते उभे राहून बोलत होते.

बाहेर आले तेव्हा कॉलरच्या दोन्ही बाजू उभ्या होत्या.

"माझ्याकडून चूक झाली साहेब," चौकट आधीच म्हणाला. "टीप आत गेली."

"टीप कुणी लिहिली?"

"मी," ताई म्हणाली. मघापर्यंतची भीती आता निघून गेली होती. गोळी लागेपर्यंतच भीती असते, तसं काहीसं. "साहेब, त्याला काही बोलू नका."

साहेबांनी मासिक हातात घेतलं, ती ओळ वाचली. "वाक्य मात्र चांगलं झालंय," ते पुटपुटले. आणि मग, तिच्याकडे न बघता, "या महिनाअखेरपर्यंत या तुम्ही. मी सांगून बघितलं. फार सांगून बघितलं."

*

पुढच्या आठवड्यात ती स्टुडिओत गेली. काउंटरच्या काचेखाली, ओळखपत्राच्या फोटोंच्या नमुन्यांशेजारी, एक कागदाची पट्टी होती. लेख नव्हता, नाव नव्हतं. फक्त ती ओळ तेवढी कापून ठेवलेली. कडा वहिनीनं कापल्या असणार. तिच्याइतकं सरळ कुणाला कापता येत नव्हतं.

"शाळेचं काय झालं?" तिनं विचारलं.

"ते कुठल्याशा कंपनीला दिलं त्यांनी," दादा म्हणाला. "त्यांचं यंत्र आहे म्हणे, पोरं नुसती समोरून चालत जातात, फोटो निघतात." तो काच फडक्यानं पुसत होता. पट्टीवरची काच जरा जास्तच पुसत होता. "पण बाईंनी ती ओळ दोनदा वाचली हां. एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. शिपायासमोर."

"दादा..."

"अगं, जाऊ दे काम. तुझ्या साहेबांना माझे आभार सांग. कुठं लिहितात असं एखाद्यासाठी! सांगशील ना?"

"सांगेन," ताई म्हणाली.

वहिनी पाणी घेऊन आली. ताईच्या हातातली पिशवी, पिशवीतून डोकावणारा फायलीचा कोपरा, सगळं तिनं एका नजरेत बघितलं आणि पेला ठेवताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. वन्सं म्हणाली नाही. 

"दादा, मला फोटो हवेत. लहान. चार."

"कशाला ग?"

"असंच. ओळखपत्राला."

"नवीन करताहेत का ऑफिसात? बरं. बस."

ती स्टुलावर बसली. खिडकी डाव्या हाताला. पातळ पडद्यातून उजेड आला आणि गालावरून हात फिरवावा तसा फिरला. दादा कॅमेऱ्यापाशी गेला, काहीतरी बघितलं, आणि बाजूला येऊन उभा राहिला. मूठ मिटलेली. त्याचे केस किती पिकलेत, हे तिला आज दिसलं. काय विचारणार, ते तिला पाठ होतं. नाव कुठलं घ्यायचं, कुठल्या नावाला आपला चेहरा उघडा पडेल, या धास्तीनं तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"घरी कोण कोण?" दादानं विचारलं.

"आई," ती म्हणाली. "मी. आणि..."

"झाला."

"एवढ्यात? मी कुठं सगळी नावं घेतली?"

"झाला म्हटलं ना."

"कुठल्या नावाला दाबलंस?"

"ते सांगत नसतात. छापून आलंय माझं, वाचलं नाहीस का?"

वहिनीनं फोटो कापले. खच्, खच्, खच्, खच्. पाकिटात घालून दिले. ताई रस्त्यावर आली, कोपऱ्यापर्यंत चालली, शाळेच्या भिंतीपाशी थांबली आणि तिनं पाकीट उघडलं. शाळेत मुलं मोठ्यानं काहीतरी म्हणत होती.

चारही फोटोंत तिचे ओठ मिटलेले होते. अजून तिनं कुणाचंच नाव घेतलेलं नव्हतं. ती फक्त खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होती.